छायाचित्राखालचें नांव

प्रतिवर्षीं हें वार्षिक हातीं येतांच आपण सर्वजण प्रथम कोणतें पान उघडतों? निबंध नव्हे, कविता नव्हे, वार्षिक अहवाल तर नव्हेच. आपण छायाचित्रांचें पान उघडतों, आणि त्यांतहि प्रथम स्वतःचा चेहरा शोधतों. तो सांपडला म्हणजे खालची ओळ वाचतों: 'बसलेले, डावीकडून उजवीकडे'. आपलें नांव बरोबर छापलें आहे अशी खात्री पटली म्हणजे मग कोठें जीव भांड्यांत पडतो.

गेल्या अंकांतील तें पान वर्गांत दाखवितांना माझी दृष्टि एके ठिकाणीं थांबली. चित्राच्या उजव्या कडेला, भिंतीला लागून, घंटा देणारे शिपाई उभे होते. खालच्या ओळींत सर्वांचीं नांवें होतीं. त्यांचें मात्र नव्हतें. मीं विचारलें, "यांचें नांव काय?" मुलांनीं एका सुरांत उत्तर दिलें, "मामा!" त्यापुढें कोणासच कांहीं सांगतां येईना, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि येईना. ज्यांच्या घंटेवर आमचा सारा दिवस चालतो, त्यांचें नांव त्या खोलींत एकासहि ठाऊक नव्हतें.

या लहानशा प्रसंगावरून जें सुचलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. छायाचित्र काढणें आज कोणासहि येतें; घरोघरीं मोबाइल आहे, आणि एका सहलींत शेंकडों चित्रें निघतात. परंतु छायाचित्र वाचणें ही निराळी विद्या आहे, आणि ती चांगल्या पुस्तकांवांचून साधत नाहीं, असें माझें मत आहे. 'चित्रांचीं पुस्तकें बालवर्गासाठीं. मोठ्या मुलांनीं तीं कशास पाहावींत? परीक्षेला त्यांचा उपयोग काय?' असें कित्येक पालक म्हणतात. त्यांनीं पुढील चार गोष्टी वाचून मग आपलें मत ठरवावें.

अमेरिकेंत १९३६ च्या मार्च महिन्यांत डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाई सरकारी कामासाठीं कॅलिफोर्नियांत हिंडत होत्या. निपोमो येथें वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर त्यांनीं एका गरीब आईचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं एकांत दोन मुलें तिच्या खांद्यांवर तोंड लपवून बिलगलीं आहेत, आणि ती दूर कोठें तरी पाहत आहे. हें चित्र 'मायग्रंट मदर' या नांवानें जगभर गेलें. तिनें आपलें वय ३२ वर्षें सांगितलें. परंतु आपण तिचें नांव विचारलें नाहीं, हें लँगबाईंनींच पुढें लिहून ठेविलें आहे. चित्रें वृत्तपत्रांत छापलीं गेलीं, तळावर सरकारी धान्य पोहोंचलें. पण तोंवर ती बाई मुलांना घेऊन पुढें निघून गेली होती. तिचें नांव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन आहे, हें जगास कळावयाला १९७८ साल उजाडावें लागलें. तेव्हां तिनें स्पष्ट सांगितलें कीं, हें चित्र घेतलें नसतें तर बरें झालें असतें. त्यापासून आपणांस एक पैहि मिळाली नाहीं. ४२ वर्षें साऱ्या जगानें जिचा चेहरा पाहिला, तिला कोणी कांहीं विचारलेंच नव्हतें!

लँगबाई निष्ठुर होत्या असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांनींच पुढें आपले पति, अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर, यांच्या समवेत १९३९ सालीं 'ॲन अमेरिकन एक्झोडस' हें पुस्तक काढलें. त्यांत छायाचित्रांखालीं अनेक ठिकाणीं त्या त्या स्थलांतरित शेतकऱ्यांच्या तोंडचेच शब्द छापले आहेत. एकट्या चित्रापेक्षां पुस्तक काय अधिक करूं शकतें, तें यावरून दिसून येईल.

चित्र आपोआप बोलतें, त्यास शब्दांची गरज नाहीं, असें म्हणण्याचा प्रघात आहे. तो कितपत खरा, हें पाहावयाचें असेल तर इंग्रज लेखक जॉन बर्जर व छायाचित्रकार झाँ मोर या दोघांचें १९८२ सालचें 'अनदर वे ऑफ टेलिंग' हें पुस्तक वाचावें. मोर यांनीं आपलीं कांहीं चित्रें निरनिराळ्या लोकांस दाखविलीं व प्रत्येकास विचारलें कीं, यांत तुम्हांस काय दिसतें? त्या लोकांत भाजीचे मळे करणारा होता, पेढीवाला होता, शाळकरी मुलगीहि होती. एकाच चित्राविषयीं प्रत्येकानें निराळेंच सांगितलें; शेवटीं प्रत्यक्ष काय घडत होतें तें मोर यांनीं नमूद केलें आहे. हा प्रयोग आपल्या वर्गांत विनाखर्च करतां येईल. आज एका गांवच्या पुराचें चित्र दुसऱ्याच गांवचें म्हणून हातोहात फिरतें, आणि शिकलेलीं माणसेंहि त्यावर विश्वास ठेवितात. अशा काळांत हा अभ्यास परीक्षेच्या बाहेरचा असला, तरी आयुष्याच्या बाहेरचा खास नाहीं.

सुसान सोनटॅग या विदुषीचें 'ऑन फोटोग्राफी' हें पुस्तक १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. छायाचित्रांवर एवढें नांवाजलेलें हें पुस्तक, पण आंत चर्चेसाठीं म्हणून एकहि छायाचित्र छापलेलें नाहीं! दुःखाचीं चित्रें वारंवार पाहून मन बधिर होतें, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें होतें. पुढें २००३ सालीं 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स' या पुस्तकांत त्यांनीं आपल्याच या मतावर शंका घेतली. स्वतःचें गाजलेलें मत सव्वीस वर्षांनीं पुन्हां तराजूंत घालावयास मोठें मन लागतें. विद्यार्थ्यांनीं हीं दोन पुस्तकें एकापाठोपाठ एक वाचावींत, तीं यासाठीं.

दूरदेशींचीं उदाहरणें पुरे झालीं; आतां घराजवळ येऊं. डहाणू तालुक्यांतील गंजाड या गांवीं २०१३ सालीं गौरी गिल या छायाचित्रकार तेथील प्राथमिक शाळेच्या कामानिमित्त गेल्या असतां, राजेश वांगड या वारली चित्रकारांच्या घरीं उतरल्या. वांगडांनीं त्यांस गांवच्या जागा दाखविल्या व प्रत्येक जागेची कथा सांगितली. पुढें आपलीं छायाचित्रें पाहतांना गिलबाईंस आढळून आलें कीं, जें ऐकलें तें यांत उतरलेंच नाहीं. तेव्हां त्यांनीं तीं छायाचित्रें वांगडांच्या हवालीं केलीं, आणि वांगडांनीं त्यांवर आपल्या बारीक रेषांनीं त्या भूमीच्या कथा रेखाटल्या. हें काम 'फील्ड्स ऑफ साइट' या नांवानें २०२३ सालीं पुस्तकरूपानें निघालें, आणि त्यावर दोघांचींहि नांवें आहेत. यंत्राला जें दिसलें नाहीं तें त्या मातींतल्या माणसाला दिसलें. आणि ज्यांच्या हातीं यंत्र होतें त्यांनीं ही उणीव प्रांजळपणें मान्य केली. माझ्या मतें हीच खरी विद्या होय.

कधीं कधीं चित्र काढणाराचेंच नांव झांकलेलें राहतें. १९१३ सालीं नवसारीस जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या. आरंभीं त्यांचीं छायाचित्रें त्यांच्या पतीच्या, माणेकशा यांच्या, नांवानें छापलीं जात. पुढें स्वातंत्र्याच्या काळांतील अनेक थोर प्रसंग त्यांनीं टिपले, आणि २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. सबीना गडीहोक यांनीं २००६ सालीं 'इंडिया इन फोकस' या पुस्तकांत त्यांचें चरित्र व चित्रें एकत्र दिलीं आहेत. आमच्या मुलींनीं तें अवश्य वाचावें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, नांव छापणें सर्वदा हितकारक असतेंच असें नाहीं. आक्षेप रास्त आहे. लेखक जेम्स एजी व छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनीं अलाबामांतील तीन गरीब शेतकरी कुटुंबांवर १९४१ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत त्या कुटुंबांचीं नांवें बदललेलीं आहेत. म्हणून माझें म्हणणें एवढेंच कीं, छापावें किंवा छापूं नये हें ज्याचें चित्र आहे त्यास विचारून ठरवावें. नांव गाळणें हा कधीं सौजन्याचा भाग असेल. परंतु नांव न विचारतांच गाळणें हा केवळ आळस होय, आणि त्या आळसाचा फटका नेहमीं चित्राच्या कडेला उभ्या असलेल्या माणसासच बसतो.

शेवटीं तीन विनंत्या करतों. पहिली शाळेस: ग्रंथालयांत एक फळी अशा पुस्तकांसाठीं राखावी. तीं महाग असतात हें खरें. म्हणूनच तीं एकट्यादुकट्यानें न घेतां शाळेनें घ्यावींत, आणि बहुतेक इंग्रजींत असल्यामुळें वरच्या वर्गांस शिक्षकांनीं तीं वाचण्यास साह्य करावें. दुसरी पालकांस: येत्या सुट्टींत घरांतील जुनीं छायाचित्रें मुलांसमोर काढावींत. आजी-आजोबा जवळ आहेत तोंवर प्रत्येक चेहऱ्याचें नांव, गांव व साल विचारून मऊ पेन्सिलीनें चित्राच्या पाठीवर हलकेंच लिहून ठेवावें. विचारावयाचें माणूस एकदां गेलें म्हणजे मग कोणतेंहि पुस्तक तें नांव सांगूं शकत नाहीं. तिसरी विनंती विद्यार्थ्यांस: कोणाचें चित्र घ्यावयाचें झाल्यास आधीं विचारा, आणि नांव विचारल्यावांचून पुढें जाऊं नका.

हें सर्व लिहिण्यापूर्वीं मीं शिपाईमामांकडे गेलों व त्यांचें पूर्ण नांव विचारलें. ते जरा घाबरलेच. म्हणाले, "कां सर? हजेरींत कांहीं चुकलें का?" मीं सारी हकीकत सांगितली, नांव छापूं का, असेंहि विचारलें. त्यांनीं क्षणभर विचार केला, मग म्हणाले, "छापा कीं. पण यंदा फोटो काढायच्या आदल्या दिवशीं सांगा. धुतलेला सदरा घालून येईन."

त्यांस आदल्या दिवशीं सांगितलें होतें. त्यांचें नांव मी येथें मुद्दाम देत नाहीं. या अंकांतील छायाचित्राखालीं, सर्वांच्या नांवांबरोबर, एकाच ओळींत तें छापलें आहे. तें तेथें शोधून वाचावें.

— एक शिक्षक