'नॉट सूटेबल' म्हणजे नेमकं काय?



मागच्या आठवड्यात माझी सात वर्षांची नात शाळेतून आली आणि डबा ओट्यावर ठेवता ठेवता सांगू लागली. शेजारी बसणाऱ्या मुलीने तिला बटाट्याचे वेफर्स देऊ केले होते, हिने घेतले नाहीत. मी कौतुकाने विचारलं, "मग काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, वी आर नॉट अलाउड." आणि मग बूट काढताना म्हणाली, "पण आजी, कोण अलाऊ करत नाही गं आपल्याला?"

मी गप्प बसले, कारण हे वाक्य तिने आमच्याच तोंडून उचललं होतं. हॉटेलात वेटरला, लग्नात केटररला, प्रवासात सहप्रवाशांना आम्ही हेच सांगतो. ज्या घरात माझ्या सासूबाईंनी कांदा-बटाटा 'सोडला' होता, त्याच घरात तो आता 'नॉट अलाउड' झाला आहे. सोडणारे आपण स्वतः असतो. अलाऊ न करणारा मात्र कुणीतरी दुसरा असतो. तो कोण, हे पोरीला कळेना. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता.

तेव्हापासून मी घरात, फोनवर, बस्तीत जरा कान देऊन ऐकते आहे. कौतुक करायचं असलं की आपण मराठीत करतो. छान, सुरेख, गोड, झकास. पण एखादी गोष्ट बरी नाही, शोभत नाही, जुळत नाही असं म्हणायची वेळ आली की इंग्रजी पुढे करतो. पुतणीचा ड्रेस 'इनॲप्रोप्रिएट'. भावजयीचं वागणं 'नॉट डन'. जावेच्या घरचा सोफा 'ऑड'. आलेलं स्थळ 'नॉट सूटेबल'. माझं स्पष्ट मत आहे की ही सवय वाईट आहे, आणि जैन घरात तर जास्तच वाईट आहे.

लगेच कुणी म्हणेल, काकू आता भाषाशुद्धीच्या मागे लागल्या. तसं नाही. कुकर, मिक्सर, बँक, डिपॉझिट हे शब्द मी रोज वापरते. बी.कॉम.ला आमची सगळी जमाखर्चाची भाषा इंग्रजीच होती. आणि 'गैर', 'अवाजवी', 'बेढब' हे आपण घरचे समजतो ते शब्द तरी कुठे पूर्ण घरचे आहेत? त्यांच्यात अरबी-फारसीचा अंश आहे. शब्द बाहेरून आला म्हणून माझी तक्रार नाही. तो शब्द आपण कशासाठी वापरतो, याबद्दल आहे.

आता आपले शब्द बघा. वेळ चुकली तर 'अवेळी'. जागा चुकली तर 'अनाठायी'. प्रमाण सुटलं तर 'अवाजवी'. विषयाला सोडून असेल तर 'अप्रस्तुत'. जोडी जमत नसेल तर 'विजोड'. करणाऱ्याच्या वयाला, नात्याला साजत नसेल तर 'न शोभणारं'. नियमाला धरून नसेल तर 'गैर'. मर्यादा सोडून असेल तर 'वाह्यात'. यातला कुठलाही शब्द उच्चारला की काय चुकलं ते त्यातच येतं, आणि समोरच्याला उत्तर देता येतं. खर्च अवाजवी आहे म्हटलं तर सून हिशेब दाखवू शकते. खर्च 'इनॲप्रोप्रिएट' आहे म्हटलं तर ती काय दाखवणार?

आमच्याकडचंच उदाहरण देते. पुतणीची मुलगी अभिषेकाला गुडघ्यापर्यंतचा चमकीचा फ्रॉक घालून आली. तिची आई सगळ्यांदेखत म्हणाली, "इट्स सो इनॲप्रोप्रिएट!" पोरगी रडवेली झाली. मला कोपऱ्यात गाठून विचारते, "मी घाण दिसते का?" मी म्हटलं, "नाही गं बाई. फ्रॉक छानच आहे. फक्त अनाठायी आहे. वाढदिवसाला घाल." तिला लगेच समजलं. जागा चुकली होती, फ्रॉक चुकला नव्हता आणि मुलगी तर मुळीच चुकली नव्हती. आईच्या शब्दात मात्र तिघंही एकदम चुकले होते.

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की जर्नल एन्ट्री केली की तिच्याखाली नॅरेशन लिहायचं. रक्कम का गेली, कशापोटी आली, ते एका ओळीत. नॅरेशन नसलं तर सर मार्क कापायचे. आणि ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकायची. पण चूक शोधून ते खातं मिटवायचं असतं. वर्षानुवर्षं ते तसंच ठेवलं तर हिशेब करणाऱ्यावर शंका येते. 'इनॲप्रोप्रिएट' आणि 'नॉट सूटेबल' ही आपली सस्पेन्स अकाउंट झाली आहेत. कारण शोधायचा कंटाळा आला, कारण सांगायची लाज वाटली, की टाक तिथे. आणि ती खाती आपण कधीच मिटवत नाही.

आपल्या आचार्यांनी असा कंटाळा केला नाही. आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार आपल्यापैकी अनेक जणींनी स्वाध्यायात वाचला असेल. त्यातल्या भोगोपभोगाच्या भागात काय सोडावं हे सांगताना त्यांनी प्रत्येक वेळी का सोडावं तेही सांगितलं आहे. मध आणि मांस सोडायचं ते त्रस जीवांचा घात टळावा म्हणून. मद्य सोडायचं ते प्रमाद टळावा म्हणून. मुळा, ओलं आलं, लोणी, कडुनिंबाची फुलं, केतकी ही सोडायची, कारण हाती फळ थोडं आणि घात फार. जे आपल्याला मानवत नाही ते अनिष्ट, म्हणून सोडायचं. आणि जे भल्या माणसाने सेवन करण्याजोगं नाही ते अनुपसेव्य, म्हणून सोडायचं. पाच प्रकारांची पाच वेगळी कारणं आहेत. श्रावकाला मान देऊन समजावण्याची ही रीत आहे. सगळ्यावर मिळून 'नॉट अलाउड' अशी एकच पाटी त्यांनाही लावता आली असती.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंच बघा. त्या नियमात मध मांसाहारी धरला जात नाही, म्हणून मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो. बटाट्याच्या वेफर्सवरही असतो. म्हणजे ठिपक्याच्या हिशेबाने जे चालतं, ते आपल्या हिशेबाने चालत नाही. ज्या मुलाला कारण माहीत आहे ते पाकिटाची मागची बाजू वाचेल. ज्याला फक्त 'अलाउड' आणि 'नॉट अलाउड' एवढंच माहीत आहे, ते हिरवा ठिपका बघून खाईल. उद्या वसतिगृहात गेल्यावर अलाऊ न करणारं कुणी आसपास नसलं, तर ते सगळंच खाईल. त्याला दोष कसा द्यायचा?

आता जे लिहायला मला जड जातं आहे ते लिहिते.

१२ वर्षांपूर्वी आम्ही मुलासाठी स्थळं बघत होतो. आपल्याच समाजातल्या एका घरून पत्रिका आली. मुलगी शिकलेली, बोलायला नीट, घरात धर्माचं वळण. मुलाला पसंत होती. मग कळलं की तिची थोरली बहीण सासर सोडून माहेरी येऊन राहिली आहे. का आली, दोष कुणाचा, काही चौकशी केली नाही. मी मोबाइलवर दोन शब्दांचा निरोप पाठवला, 'नॉट सूटेबल'. मुलाला सांगितलं, तिकडूनच फारसं मन दिसत नाही. तेही खोटं होतं.

मुलीच्या आईने फोन केला. "वहिनी, आमचं काय चुकलं तेवढं सांगा. पुढच्या वेळी सुधारता येईल." मी म्हणाले, "तसं काही नाही हो. जस्ट नॉट सूटेबल." आणि स्वतःला किती सभ्य समजले! कुणाला दुखावलं नाही, वाईट बोलले नाही, कारण काढून उणंदुणं केलं नाही.

पुढे काही वर्षांनी एका पंचकल्याणक महोत्सवात त्या बाई भेटल्या. मुलीचं लग्न झालं होतं, चांगलं चाललं होतं. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या निरोपानंतर वर्षभर पोरगी आरशासमोरून हलायची नाही. रंग नडला की दात नडले, उंची नडली की पगार नडला, रोज नवीन काढायची. दातांना तार लावून घेतली तिने." मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. मी कारण सांगितलं नव्हतं, म्हणून त्या मुलीने आपल्या अंगातलं एकेक कारण शोधून काढलं होतं.

त्या रात्री मी मनाशी ते वाक्य मराठीत म्हणून पाहिलं. 'तुमची थोरली मुलगी माहेरी परत आली आहे, म्हणून धाकटी आम्हाला नको.' मला ते पूर्ण म्हणवेना. माझी स्वतःची मावशी अशीच माहेरी आली होती आणि आम्ही भावंडं तिच्या हातचं खाऊन मोठी झालो. मी ते वाक्य मराठीत लिहायला घेतलं असतं तर हात थांबला असता, आणि त्या घरी होकार गेला असता. इंग्रजीने मला त्या बाईंपासून वाचवलं नाही. मला माझ्यापासूनच लपवलं.

कुणी म्हणेल, सगळं तोंडावर सांगणं हीसुद्धा हिंसाच नाही का? वचन हित, मित आणि प्रिय असावं असं आपणच म्हणतो. खरं आहे. प्रत्येक कारण बोलून दाखवलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. नकार देताना 'आमचा विचार जुळला नाही, तुमच्या मुलीत काही कमी नाही' असं मराठीत मायेने सांगता येतं. पण आधी स्वतःच्या मनात कारण स्पष्ट शब्दांत म्हणून पाहावं. म्हणवलं नाही तर नकारच तपासावा.

आणि हा नुसता शिष्टाचाराचा विषय नाही. घरातली मुलगी 'ते अंकल जरा इनॲप्रोप्रिएट आहेत' असं म्हणते, तेव्हा तिला काय सांगायचं असतं? ते आचरट विनोद करतात, की नको तिथे हात लावतात? एका शब्दात दोन्ही मावतं, आणि ऐकणारी आई त्यातला सोयीचा अर्थ घेऊन गप्प बसू शकते. अशा वेळी पोरीला जवळ घेऊन विचारा, काय बोलले, कुठे हात लावला, कधी. ज्या घरात अशा गोष्टींना मराठी शब्दच उरले नाहीत, त्या घरात पोरीने सांगायचं कसं?

भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी आपण उत्तम आर्जवाची पूजा करतो. जे मनात तेच वाणीत आणि तेच कृतीत, हे आर्जव. त्याच्या उलट ती माया, म्हणजे कपट. क्रोध आणि मान दिसून येतात, लोभही लपत नाही. माया मात्र सभ्य कपडे घालून येते, आणि आमच्या घरी ती फाडफाड इंग्रजी बोलत आली.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्यांना पाठवतो तसा फुलांच्या चित्राचा संदेश त्या बाईंना पाठवला नाही. घरी गेले. थोरलीही तिथेच होती, तिनेच पाणी आणून दिलं. तिच्यासमोर मी कारण सांगितलं, मराठीत, पूर्ण वाक्यात. आई काही बोलल्या नाहीत. थोरली म्हणाली, "काकू, हे धाकटीला सांगा. ती अजून दात झाकून हसते." मी तिथूनच तिला फोन लावला.

मैत्रिणींनो, एवढंच करून बघा. 'नॉट सूटेबल', 'इनॲप्रोप्रिएट', 'नॉट अलाउड' तोंडाशी आलं की एक श्वास थांबा आणि विचारा, कशासाठी नको? वेळ चुकली, जागा चुकली, प्रमाण चुकलं, की माझंच मन चुकलं?

नातीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. म्हटलं, "आपल्याला कुणी अडवत नाही. बटाटा अनंतकाय, त्या एकात अनंत जीव राहतात. आपल्या जिभेसाठी इतक्यांना कशाला त्रास, म्हणून आपण तो सोडला." ती विचार करून म्हणाली, "म्हणजे मी सोडला?" मी म्हटलं, "हो, तू सोडलास." डबा दप्तरात भरताना म्हणाली, "मग आज तिला नीट सांगते."

जय जिनेंद्र.