घरखर्च : छत्री आपल्या पत्र्यावर, पण बॉक्स कोणाचा?



कारखान्याचा पट्टा पडला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांत माणसे परत येतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या भागांत दिवाळीपासून बंद असलेल्या घरांची कुलपे उघडतात. उचल फिटून हातात उरलेले चार पैसे कशाकशाला पुरवायचे याचा हिशेब त्याच आठवड्यात बसतो. लेकराच्या शाळेचे, पत्र्याच्या गळतीचे, दुकानदाराच्या उधारीचे. पुढे 14 एप्रिल येऊन ठेपलेली असते. नेमक्या याच दिवसांत गळ्यात ओळखपत्र घातलेले पोरगे वस्तीत येते आणि सांगते, "मावशी, बॉक्स फुकट. छत्री फुकट. फक्त वर्षाचा रिचार्ज मारा."

या "फुकट" शब्दावर आज थोडे बोलायचे आहे. घरात टीव्ही असू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी तासभर टीव्ही पाहिला तर त्यात उधळपट्टी ती कसली? पण त्या तासासाठी वर्षभराचे बंधन गळ्यात घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने समजून-उमजून ठरवले पाहिजे.

बंधन काय असते हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. मुकादमाकडून कोयत्यासाठी उचल घेतली की हंगामभर त्याच्या टोळीत राबावे लागते. मध्ये आजारपण आले, लेकरू दगावले, तरी उचल फिटेपर्यंत सुटका नाही. उचल घेताना रोख रक्कम हातात असते म्हणून ती आपल्या फायद्याची वाटते. फुकटचा बॉक्स ही त्याच जातीची, पण लहान उचल आहे. कंपनी आज दीड-दोन हजारांची वस्तू देते आणि ते पैसे महिन्या-महिन्याने वसूल करते. मध्येच सोडले तर दंड घेते, नाहीतर अनामत अडवते. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. फक्त उचल कोणाची, किती आणि किती दिवसांची, हे आधी कळले पाहिजे.

बॉक्स घ्यायच्या मुख्य वाटा तीन. रोख पैसे देऊन विकत, हप्त्याने किंवा महिन्याच्या भाड्याने. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2007 साली डीटीएच सेवेचे नियम केले तेव्हाच ग्राहकाला हे पर्याय मिळावेत असे ठरले. प्रत्यक्षात दुकानात एकच योजना सांगितली जाते आणि दुसरी विचारली तर "ती चालत नाही" असे उत्तर मिळते. तरीही विचारावे.

आता विकत घेतलेल्या बॉक्सचे बघा. पत्र्यावरची छत्री, तिच्या तोंडाशी असलेला एलएनबी आणि खाली आलेली वायर या वस्तू बहुतेक एकसारख्या असतात. एका कंपनीची छत्री दिशा बदलून दुसऱ्या कंपनीला चालू शकते. बॉक्स मात्र चालत नाही. त्याला आतून कुलूप असते आणि किल्ली कंपनीपाशी. म्हणजे रोख पैसे मोजून बॉक्स तुमच्या मालकीचा झाला, तरी कंपनी बदलायची म्हटले की तो नुसता पत्र्याचा डबा. मोबाइलमध्ये जसे सिमकार्ड बदलता येते तसे बॉक्समध्येही व्हावे, अशी शिफारस ट्रायने एप्रिल 2020 मध्ये केली. पण त्याने गावातल्या माणसाची अडचण सुटलेली नाही. म्हणून विकत घेताना "आता माझे झाले" एवढ्यावर खूश होऊ नये.

कंपनीच बंद पडली तर काय होते तेही आपण पाहिले आहे. 2008 साली रिलायन्सने मोठ्या जाहिराती करून बिग टीव्ही आणला. पुढे तो दुसऱ्यांच्या हाती गेला, नाव बदलून इंडिपेंडंट टीव्ही झाले आणि 2019 मध्ये सेवा थांबली. ज्यांनी आगाऊ रिचार्ज मारले होते त्यांचे पैसेही अडकले. आपल्या मराठवाड्यातल्या, औरंगाबादेत कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने 2009 मध्ये डी-टू-एच सुरू केले. ते 2018 मध्ये डिश टीव्हीत विलीन झाले. तिथे ग्राहकांची सेवा चालू राहिली, हे नशीब. सांगायचा मुद्दा एवढाच की पुढच्या वर्षाचे पैसे आजच देणे म्हणजे आपणच कंपनीला बिनव्याजी कर्ज देणे आहे.

भाड्याचा हिशेब कसा करायचा? समजण्यासाठी आकडे मनाने धरू. बॉक्स विकत 1500 रुपयांना, भाड्याने महिना 50 रुपये. मग तीस महिन्यांत, म्हणजे अडीच वर्षांत, भाडे विकतच्या किमतीएवढे होते. त्यानंतरही भाडे चालूच आणि बॉक्स त्यांचाच. अडीच वर्षांपेक्षा जास्त दिवस त्याच घरात राहायचे असेल तर विकत परवडते. सहा महिने-वर्षाचाच प्रश्न असेल तर भाडे बरे. पण भाड्याच्या वस्तूची दुरुस्ती मालकाने करायची असते. बॉक्स बिघडला तर तो बदलून कोण देणार, हे कागदावर लिहून घ्यावे. वीज पडून किंवा उंदराने वायर कुरतडून बिघडला तर काय, तेही विचारावे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी नेहमी होतात.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे. धारूर भागातल्या एका भगिनीने आम्हाला विचारले, "वर्षाचं भरलं तर एक महिना फुकट म्हणतेत. भरावं का?" अक्का, तुमचे घर दिवाळी ते पाडवा बंद असते. अकरा महिन्यांचे पैसे भरायचे आणि सहा महिने पाहायचे, यात फुकटचा महिना कुठे उरला? रिचार्ज महिन्याचाच मारावा. आगाऊ पैसे भरायच्या सेवेत रिचार्ज संपला की चित्र बंद, आणि खर्चही बंद. महिन्याचा दर थोडा जास्त पडतो, पण बंद घराचे पैसे वाचतात. बॉक्स भाड्याचा असेल तर मात्र सावध राहा. चित्र बंद असले तरी भाड्याचे मीटर चालू राहू शकते. वर धरलेले 50 रुपये भाडे बारा महिने गेले आणि बॉक्स सहाच महिने चालला, तर वापरातला प्रत्येक महिना शंभराला पडला.

2017 च्या ट्रायच्या नियमांत सेवा काही काळ थांबवायची मागणी करण्याची सोय आहे. जाण्याआधी पंधरा-वीस दिवस कंपनीला कळवावे आणि मिळालेला तक्रार क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवावा. जुलै 2024 पासून या कामाचा आकार ठरवायला कंपन्यांना मोकळीक दिली आहे, म्हणून आधी दर विचारावा. बसवण्याच्या खर्चाचेही तसेच. पूर्वी बसवायला 350 आणि चालू करायला 100 रुपयांच्या वर घेता येत नव्हते. 2024 मध्ये ही मर्यादा उठली. दर जाहीर करणे मात्र कंपनीवर बंधनकारक आहे. तेव्हा माणूस पत्र्यावर चढण्याआधीच आकडा ठरवा.

काही कुटुंबे बॉक्स आणि छत्री सोबत कोपीवर नेतात. उपग्रहाची झेप देशभर असते, त्यामुळे सांगली, कोल्हापूरला किंवा बेळगावकडेही तोच बॉक्स चालतो. पण कागदावरचा पत्ता बदलल्याचे कंपनीला कळवावे लागते. भाड्याची वस्तू न सांगता हलवली तर पुढे अनामत परत मागताना अडचण येते.

या सगळ्या कटकटीतून सुटायचा एक रस्ता सरकारनेच करून ठेवला आहे आणि त्याची जाहिरात कोणी वस्तीत येऊन करत नाही, कारण त्यात कोणाला दर महिन्याला कमिशन नाही. दूरदर्शनची मोफत छत्री. डिसेंबर 2004 मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, आता तिला डीडी फ्री डिश म्हणतात. बाजारात छत्री आणि साधा बॉक्स साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर बसतो. एकदा घेतला की भाडे नाही, रिचार्ज नाही, करार नाही. घर सहा महिने बंद ठेवा की वर्षभर, कोणी विचारत नाही. पुन्हा आलात, वायर जोडली, चित्र सुरू. उपग्रह 93.5 अंश पूर्वेवर आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात छत्रीचे तोंड आग्नेयेकडे आणि बरेच वर करावे लागते. त्या बाजूला झाड किंवा उंच भिंत नको. हाताशी बघणारा पोरगा असला तर घरच्या घरी जमते.

पण तिची उणी बाजू सांगितलीच पाहिजे. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या मिळतात. खासगी वाहिन्यांच्या जागा मात्र लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे यंदा दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. मार्च 2019 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2022 मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या तिथून काढून घेतल्या होत्या. बायामाणसांची चालू मालिका अर्ध्यात तुटली की घरात नाराजी होतेच.

मे 2019 मध्ये स्टार प्रवाहवर "डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा" सुरू झाली आणि ऑक्टोबर 2020 पर्यंत चालली. ती आपल्या घराघरांत लोकांनी मांड्या ठोकून पाहिली. ती पैशाची वाहिनी होती. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीपासून नवे दर लागू झाले होते. हवी ती वाहिनी आपण निवडायची, पण वाहिनीच्या पैशांआधी नुसत्या जोडणीचे 130 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, मिळून 153 रुपये 40 पैसे. डिसेंबर 2019 मध्ये अँड टीव्हीवर बाबासाहेबांवर हिंदी मालिका आली तेव्हा आणखी एक वाहिनी घ्यावी लागली. त्या मालिकांसाठी पैसे भरले म्हणून आम्ही कोणाला नावे ठेवणार नाही. पण एका मालिकेसाठी दोन-अडीचशेचा गठ्ठा घेणारी आणि मालिका संपल्यावरही तो तसाच चालू ठेवणारी घरे आहेत. मालिका संपली त्या दिवशी गठ्ठा कमी करायचा होता. आजही तीच गोष्ट. घरात खरोखर कोणत्या चार-पाच वाहिन्या लागतात ते एका कागदावर लिहा आणि तेवढ्याच ठेवा. या ठरावीक शुल्काची वरची मर्यादाही 2024 मध्ये काढली आहे, म्हणून कंपनी-कंपनीचा दर निराळा असू शकतो.

केबलवाल्यांच्या बॉक्सविषयी थोडक्यात. ग्रामीण भागात बॉक्सशिवाय केबल बंद करायची शेवटची मुदत 31 मार्च 2017 होती. त्या घाईत अनेकांनी केबलवाल्याच्या हातावर रोख पैसे ठेवले आणि पावती घेतली नाही. घर बदलताना तोच केबलवाला म्हणतो, बॉक्स आमचा आहे, परत द्या. पावती नसेल तर वाद घालायला आधारच राहत नाही.

आणि हे फक्त गरिबाच्या वस्तीत घडते असे समजू नका. अमेरिकेत डायरेक्टीव्ही नावाच्या कंपनीने मार्च 2006 पासून बॉक्स विकणेच थांबवून भाड्याने द्यायला सुरुवात केली. दुकानात रोख पैसे मोजून आणलेली वस्तूही भाड्याचीच ठरली, वर दोन वर्षांचे बंधन. बारा महिन्यांचा स्वस्त दर दाखवून चोवीस महिन्यांचा करार नीट सांगितला नाही, म्हणून तिथल्या सरकारी आयोगाने 2015 मध्ये तिच्यावर खटला भरला. 2018 मध्ये न्यायालयाने आयोगाचे बहुतेक म्हणणे मान्य केले नाही. जाहिरातीत कुठेतरी लिहिलेले असले की मोठी कंपनी सुटते. तेव्हा लिहिलेले वाचणे आपल्याच हिताचे.

सही करताना घरातले शाळा शिकणारे लेकरू शेजारी बसवा. अर्जात बॉक्स "विक्री" लिहिला आहे की "भाडे", किती महिने सोडता येणार नाही, मध्येच सोडल्यास किती कापणार, अनामत किती आणि परत कधी, एवढे त्याला मोठ्याने वाचायला सांगा. अर्जाची प्रत ग्राहकाला देणे नियमाने बंधनकारक आहे, ती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि मोबाइल नंबर स्वतःचा लिहा. पुष्कळदा बसवणारा माणूस आपलाच नंबर टाकतो. मग कंपनीचे सगळे संदेश त्याला जातात आणि साधे गठ्ठा बदलण्याचे कामसुद्धा त्याच्या पाया पडल्याशिवाय होत नाही.

एवढे करूनही फसवणूक झाली तर आधी कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा, तो फुकट आहे, खरोखर फुकट. त्यानंतर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. अवाच्या सवा अनामत किंवा नुकसानीच्या मानाने भलताच दंड लिहिलेला करार याच कायद्यात "अनुचित करार" म्हटला आहे, पण त्याची तक्रार जिल्ह्याला नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. तक्रारीसोबत अर्जाची प्रत, पावती आणि रिचार्जचे संदेश जोडावेत. संदेश मोबाइलमधून पुसले जातात, म्हणून कोयत्यावर जाण्याआधी त्यांची झेरॉक्स दुकानात छापून घ्यावी आणि रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावी.