स्कूटर पडली, तर हसू नका

घरात नवी स्कूटर आली की आपल्याकडे आनंदाची रीत ठरलेली. पेढे येतात, बिस्मिल्लाह म्हणून किल्ली फिरवली जाते, समोरच्या गॅलरीतून खालाजान ‘मुबारक हो’ म्हणतात. आणि पहिल्याच आठवड्यात, दारापासून वीस पावलांवर, तीच स्कूटर आडवी होते. वेग पायी चालण्याइतका. फार तर गुडघा खरचटतो, आरसा वाकतो. पण पाहायला सारा मोहल्ला हजर असतो.

आमच्या ओळखीच्या एका भाभींचे असेच झाले. स्कूटर बॅटरीची. आवाज नाही, म्हणून बंद आहे असे वाटले. मुलीला मागे बसवताना आधाराला धरलेली उजवी मूठ पिळली गेली आणि स्कूटर पुढच्या भाजीच्या हातगाडीवर जाऊन टेकली. टोमॅटो रस्ताभर. गाडीवाल्या चाचांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत. पण कोपऱ्यावरची मुले हसली, घरी दिराने त्या प्रसंगाची नक्कल महिनाभर केली. भाभींनी किल्ली खुंटीला अडकवली, ती पुन्हा काढली नाही. मुलीची शिकवणी आता रिक्षा मिळेल तशी.

खरचटलेला गुडघा चार दिवसांत भरतो. हसण्याने गेलेली हिंमत तशी भरून येत नाही. म्हणून आधी हे समजून घेऊ की हळू चालवतानाच माणूस का पडतो.

दुचाकी चालती असते तेव्हा तिचा तोल चालण्यातूनच सावरतो. वेग अगदी कमी झाला की तो भार चालवणाऱ्यावर येतो. त्यात हँडल पूर्ण वळवून पुढचा ब्रेक दाबला, की स्कूटर त्याच बाजूला कलंडते. आजच्या बऱ्याच स्कूटर १०० किलोच्या आसपास किंवा त्याहून जड आहेत. एकदा फार कलली की भल्याभल्यांना आवरत नाही. तेव्हा ती सोडून द्यावी, पाय वाचवावा.

दुसरे कारण मुठीचे. गिअर नसलेल्या स्कूटरला क्लच दाबून थांबवण्याची सोय नसते. झटका बसला की शरीर मागे जाते, हात मूठ घट्ट धरतो आणि ती आणखी पिळली जाते. मेन स्टँडवर इंजिन चालू ठेवून मूठ पिळत स्कूटर खाली ढकलली, तरी ती हातातून पळते. म्हणून स्टँडवरून आधी उतरवावी, मग चालू करावी. थांबल्यावर, कुणाला बसवताना किंवा पिशवी अडकवताना, किल्ली बंद. बॅटरीच्या स्कूटरला तर हा नियम दुप्पट लागू.

तिसरी गोष्ट आपल्या पेहरावाची. बुरखा, अबाया, ओढणी यांचा पदर मागच्या चाकात जाऊ शकतो. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. दुकानातून स्कूटर घेताना साडीगार्ड बसवलेला आहे की नाही ते पाहावे, शोभेसाठी तो काढू नये. ओढणीची दोन्ही टोके आत खोचावीत. हिजाबवर हेल्मेट बसत नाही ही तक्रार आम्ही ऐकतो. आत पातळ, सपाट स्कार्फ बांधावा, डोक्यावर पिना लावू नयेत. हेल्मेट मात्र हवेच, मागे बसणाऱ्यालाही.

शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पक्क्या परीक्षेला किमान ३० दिवस थांबावे लागते. हे दिवस सरावाचे समजावेत. फजरनंतर रिकामे मैदान बघावे. दोन विटांमधून चालण्याच्या वेगाने जाणे, नजर चाकाकडे न ठेवता समोर ठेवणे, हँडल सरळ करून मगच थांबणे, एवढे आठवडाभर केले तरी पुष्कळ. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. सफरची दुआ वाचून निघणाऱ्याने ब्रेकही तपासलेला असावा.

आता उरलेल्यांचे काम. सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत एकमेकांची थट्टा करायला मनाई आहे. त्यात पुरुषांनंतर स्त्रियांचा वेगळा उल्लेख येतो. ही आयत आपण मुलांना पाठ करून देतो आणि संध्याकाळी दस्तरखानावर कुणाच्या पडण्याची नक्कल करून हसतो. पडणारा मुलगा असला तर ‘शिकेल हळूहळू’, आणि सून असली तर ‘सांगितलं होतं ना, तुला जमणार नाही’. हा फरक मुलींच्या लक्षात येतो. वर्गात हात वर करण्याआधी त्या चारदा विचार करतात, त्याची सुरुवात कधी कधी अशा दस्तरखानावर झालेली असते.

तेव्हा कुणाची स्कूटर पडलेली दिसली, तर आधी किल्ली बंद करावी. लागले आहे का, ते विचारावे. पाठ सीटला टेकवून, पायांच्या जोरावर स्कूटर उभी करायला मदत करावी. आणि त्याच संध्याकाळी, घरच्या कुणीतरी सोबत जाऊन, पडलेल्या व्यक्तीला त्याच गल्लीतून एक फेरी मारायला लावावी. आज राहिलेली फेरी उद्यावर जाते, आणि उद्याची मग कायमची राहते.