फलकावरचं रान आणि खरं रान

सभासद बंधु-भगिनींनो,

आजचा विषय लागणीचा किंवा खताच्या मात्रेचा नाही, कृषी पर्यटनाचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने यात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण पाहुणा उतरतो तो आपल्याच उसाच्या रानात, म्हणून लिहितो.

बारामती तालुक्यात पळशीवाडीला २००५ च्या सुमारास हा जोडधंदा उभा राहिला. २०२० साली राज्य शासनाने त्याचे धोरण काढले. आता आपल्या कार्यक्षेत्रातही काही सभासदांनी खोल्या बांधल्या आहेत. पिठलं-भाकरी, उसाचा रस, बैलगाडीची फेरी. दोन पैसे मिळतात, चांगलंच आहे. माझी तक्रार आहे ती दारातल्या फलकांविषयी. 'शंभर टक्के सेंद्रिय', 'निसर्गाच्या कुशीत', 'पर्यावरणपूरक'. असा एक फलक मीच लिहून दिला होता, हे आधी कबूल करतो. सभासद म्हणाले, "साहेब, जरा झकास लिहा." मी लिहिले. त्यांच्या रानात युरियाच्या किती गोण्या पडतात हे गटात माझ्याइतके कोणाला ठाऊक? तरी लिहिले.

फेब्रुवारीत त्यांच्याकडे पुण्याची मंडळी आली होती. मीही जेवायला होतो. शेजारच्या, त्यांच्याच, फडाची तोड आदल्या दिवशी संपलेली. गड्याने संध्याकाळी पाचट पेटवले. वाऱ्याबरोबर काजळी थेट ताटात. एक लहान मुलगी फलकाकडे बोट करून म्हणाली, "काका, हे पण सेंद्रिय असतं का?" कोणी हसले नाही. मी तर मान वर केली नाही.

एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असते. पेटवले की नत्र गेले, सेंद्रिय कर्ब गेला, ओल धरणारे आच्छादनही गेले. हे मी दर मेळाव्यात सांगतो आणि तुम्ही दर मेळाव्यात मान डोलावता. त्या पोरीने एका वाक्यात सांगितले.

आता उलटे उदाहरण. दुसऱ्या एका सभासदाने कैक वर्षांत काडी लावलेली नाही. खोडव्यात पाचट सरीत दाबतात, निम्म्या रानाला ठिबक आहे, न्हाणीचे पाणी कर्दळीला आणि केळीला सोडले आहे. फलकावर मात्र नुसते नाव आणि फोन नंबर. पाहुण्यांनी कुरकुर केली : अंघोळीला एकच बादली का, गूळ काळपट का? हे गृहस्थ गप्प. मी विचारले तर म्हणाले, "त्यात सांगायचं काय, साहेब? रोजचंच आहे."

शेवटी वहिनींनी तोंड उघडले. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकतात; आम्ही रानभेंडीच्या रसाने मळी काढतो, म्हणून रंग असा. (गुऱ्हाळाची स्तुती कारखान्याच्या पत्रिकेत, संचालक मंडळाने क्षमा करावी!) पाण्याची पाळी किती दिवसांनी येते तेही सांगितले. बादलीची तक्रार थांबली आणि जाताना त्याच मंडळींनी गूळ मागून नेला.

कोकणात मंडणगड तालुक्यात वेळास आहे. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन २००२ साली तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आता पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. पिल्ले त्या दिवशी दिसतीलच अशी हमी कोणालाच देता येत नाही. लोक तरी जातात.

म्हणून माझे मत असे की आपला फलक साधा असावा. 'पाचट जाळत नाही. दोन एकर ठिबक, बाकी पाटपाणी. रासायनिक खत माती परीक्षण करून देतो.' हे वाचून कोणी पळून जाणार नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राला रासायनिक खत बंद करून दोन-तीन वर्षे काढावी लागतात. तोवर तो शब्द नकोच. आणखी एक. पाहुण्यांना तोडणी टोळीच्या खोप्या दाखवायला, फोटो काढायला नेतात, ते मला पटत नाही. न्यायचेच असेल तर आधी तिथे प्यायच्या पाण्याची आणि संडासाची सोय करा, मग काय ते सांगा.

फलक रंगवण्याआधी मजकूर गट कार्यालयात आणावा. मी वाचेन, पण आधी रान बघायला येईन. आमच्या त्या पहिल्या सभासदांनी जुना रंग खरवडून काढला आहे. सध्या दारात कोरा पत्रा उभा आहे. यंदा त्यांनी पाचट ठेवले आहे. म्हणतात, "खोडवा फुटू द्या, साहेब, मग लिहू."

आपला,
ऊस विकास अधिकारी