कर्नाळा : वाटेचा राखणदार



पनवेलजवळच्या करंजाड्याहून दक्षिणेकडे दहा-बारा किलोमीटरवर, डोंगरातून अंगठा वर काढावा तसा एक काळा सुळका उभा आहे. तो कर्नाळा. पेण, अलिबाग, महाडकडे जाताना तुमच्यापैकी पुष्कळांनी तो एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. वर किल्ला आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण तो तिथेच का बांधला आणि पुढे ओस का पडला, हे शेतकऱ्याच्या जितके चटकन ध्यानात येईल तितके दुसऱ्या कोणाच्या येणार नाही.

आधी जागा पाहा. उत्तरेला पनवेलची खाडी, दक्षिणेला पाताळगंगेवरचे आपटा. दोन्हीकडे पूर्वी गलबते लागत. मीठ, मासळी, भात असा माल तिथे उतरे आणि बैलांच्या पाठीवरून बोरघाट चढून देशावर जाई. या दोन बंदरांमधली वाट कर्नाळ्याच्या पायथ्याशी. पीक राखायला आपण शेतात माळा उभारतो, तसा हा वाटेवरचा माळा. फरक इतकाच, की इथला राखणदार पाखरे हाकत नव्हता, जकात घेत होता. ज्याच्या हाती किल्ला, त्याच्या हाती वाट.

म्हणूनच मालक बदलत राहिले. किल्ला १४०० सालाच्या आधीचा मानतात. देवगिरीच्या यादवांपर्यंत त्याचा माग जातो. पुढे तो गुजरातच्या सुलतानाकडे आला. १५४० साली अहमदनगरच्या निजामशाहीने तो घेतला, तेव्हा गुजरातकरांनी वसईच्या पोर्तुगीजांना मदतीला बोलावले. पोर्तुगीजांनी किल्ला जिंकून दिला आणि आपली शिबंदीही वर ठेवली. निजामशाहीचे पाच हजारांचे सैन्य चालून आले, तरी त्यांनी तो सोडला नाही.

यापुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लढाईत न सोडलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी नंतर आपण होऊन निजामशाहीला परत दिला! पेणजवळचा सांकशीचा किल्लाही त्याबरोबर दिला. बदल्यात दर साल ५,००० सोन्याचे पर्दाव, म्हणजे त्या काळची नाणी, घ्यायचे ठरवले. का? तर त्यांनी हिशेब मांडला. शिबंदीचा पगार, दाणागोटा, दारूगोळा यांवर होणाऱ्या खर्चाला किल्ल्याचे उत्पन्न पुरे पडत नव्हते. लांबचे वावर स्वतः कसण्यापेक्षा खंडाने दिलेले बरे, असे आपणही कधी म्हणतोच की.

शिवाजी महाराजांच्या काळात कर्नाळ्याचे मोल पुन्हा वाढले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. १६७० साली मराठ्यांनी तो परत घेतला. मातीचे आडोसे रचत आणि फळ्यांच्या आडाने मावळे पुढे सरकत गेले. महाराजांच्या पश्चात तो औरंगजेबाच्या फौजांनी घेतला. १७४० च्या सुमारास पेशव्यांकडे आला आणि १८१८ साली कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांसाठी जिंकला. त्या वेळचे किल्लेदार अनंतराव फडके. त्यांचे नातू वासुदेव बळवंत १८४५ साली पायथ्याजवळच्या शिरढोणला जन्मले. १८७६-७७ च्या दुष्काळात शेतकऱ्यांचे हाल पाहून त्यांनी रामोश्यांना बरोबर घेतले आणि १८७९ साली इंग्रजांविरुद्ध बंड उभारले. १८८३ साली एडनच्या तुरुंगात ते वारले.

आता किल्ला ओस का पडला ते पाहू. तोफांनी तट पडतात हे खरे, पण पडलेले तट पुन्हा बांधताही येतात. कर्नाळा पुन्हा उभा राहिला नाही, कारण त्याचे कामच संपले होते. दोन्हीकडचा मुलूख एकाच सरकारचा झाला. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली. ती गेली कल्याण-कर्जतवरून. माल पनवेल-आपट्याला वळसा घालून जाऊ लागला. सुगी झाल्यावर माळ्यावर कोण बसतो? तटांच्या सांध्यांत पिंपळ-वडाची मुळे शिरली आणि दगड निसटत गेले.

वर आज काय उरले आहे? पडके दरवाजे, एका दरवाजावर मराठी आणि दुसऱ्यावर फारसी लेख, कर्णाईचे देऊळ आणि तो सुळका. त्याच्या पोटाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मंडळी, या टाक्यांपाशी जरा थांबा. डोंगरमाथ्यावर ना नदी, ना विहीर. पावसाळ्यात कोसळणारे पाणी खडकात कोंडून त्यावर शिबंदीने उन्हाळे काढले. जकात घेणारे सगळे गेले. पाणी साठवणाऱ्यांचे काम अजून जागेवर आहे.

हे आजच्या पनवेल तालुक्याने ऐकण्यासारखे आहे. करंजाड्याच्या भातशेतीच्या जागी सिडकोची वसाहत झाली, तालुक्यातून मोठमोठे रस्ते गेले, जमिनीला भाव आला. आलेला पैसा कोणी का नाकारावा? पण वाटेने आलेले उत्पन्न वाट वळली की वळते, हे कर्नाळ्यावर वाचून घ्यावे. जे वावर उरले आहे, त्याच्या कोपऱ्यात एक शेततळे आणि बांधावर चार झाडे असू द्यावीत. ज्या कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे चैत्रात घरच्या लक्ष्मीने हंडा घेऊन रानोमाळ हिंडावे, हे आपल्याला शोभत नाही.

डोंगराला मात्र नवे काम मिळाले आहे. १९६८ साली इथे पक्षी अभयारण्य झाले आणि २००३ साली ते वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटरचे केले. मुलांना घेऊन जरूर जा. ऊन तापण्याआधी, सकाळीच चढायला लागा. दीड-दोन तासांची वाट आहे. भाकरी आणि प्यायचे पाणी घरून न्या, टाक्यांत हात-पाय धुऊ नका. सुळक्यावर आग्या मोहोळांची पोळी असतात. तिथे विडी-काडी, धूर, आरडाओरडा अजिबात नको. आणि उतरण्यापूर्वी मुलांना वरून खालचा रस्ता दाखवा. किल्ला इथेच का, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.