एक ना धड, भाराभर चिंध्या!

दरवर्षी मार्च महिना आला की राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो, नव्या कामांच्या याद्या वाचून दाखविल्या जातात आणि बाके वाजतात. पुढे यथावकाश नारळ फुटतात, कुदळी मारल्या जातात, कोनशिला बसतात. किती कोनशिला बसल्या ह्याचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी किती कोनशिलांच्या मागे काम पुरे झाले, हा हिशेब मात्र कोणी फारसा मागत नाही. आम्हांस आज ह्या दुसऱ्या हिशेबाविषयीच लिहावयाचे आहे. कारण तो न मागितल्याची किंमत विदर्भातला शेतकरी चार दशके मोजत आला आहे.

वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचेच पाहा. १९८३ साली ह्या प्रकल्पास मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर ह्या तीन जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचा तो संकल्प होता. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा मान मिळाला. पुढे खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्याही पलीकडे गेला. धरण उभे राहिले, पाणी साठले, गावे उठली. परंतु ज्या शेतांसाठी हा सारा खटाटोप, त्यांपैकी कित्येकांच्या बांधापर्यंत ते पाणी पोहोचण्याआधी एक पिढी म्हातारी झाली. आमच्या नागपूरच्या नागनदीचे सांडपाणी मात्र कन्हानमार्गे ह्या जलाशयात बिनदिक्कत जाऊन मिळाले! त्यास कोणत्याही टप्प्याची वाट पाहावी लागली नाही.

ह्या विलंबाची कारणे एक नव्हेत, अनेक आहेत. भूसंपादन रखडले, पुनर्वसन अपुरे राहिले, वनजमिनीची परवानगी अडली, कामांच्या दर्जाविषयी आणि व्यवहारांविषयी चौकश्या झाल्या. ही सर्व कारणे खरी आहेत. तथापि ह्या सर्वांच्या बुडाशी आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. सरकारपाशी पैसा मर्यादित, अनुभवी अभियंते मर्यादित, यंत्रे मर्यादित, कुशल कामगारांच्या टोळ्या मर्यादित. असे असता ही तुटपुंजी सामग्री एकाच वेळी असंख्य कामांवर शिंपडली जाते. शिंपडलेल्या पाण्याने धूळ बसते, पीक येत नाही!

हा मुद्दा शाळकरी मुलासही समजेल इतका सोपा आहे. समजा, तीन तालुक्यांत तीन सारखे कालवे खणावयाचे आहेत आणि आपल्यापाशी वर्षाला एकच कालवा पुरा होईल एवढा पैसा व एवढी माणसे आहेत. तिन्ही कामे एकदम सुरू केली, तर दरवर्षी प्रत्येकाचा एकतृतीयांश भाग होईल आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिन्ही कालवे एकदम पुरे होतील. तोपर्यंत कोणाच्याही शेतात पाण्याचा थेंब पडणार नाही. उलट ते एकामागून एक घेतले, तर पहिला तालुका दोन वर्षे आधी भिजेल, दुसरा एक वर्ष आधी भिजेल आणि तिसऱ्यास पाणी मिळेल ते पहिल्या रीतीने मिळाले असते त्याच दिवशी! खर्च तोच, माणसे तीच. कोणाचेही काही गेले नाही आणि दोघांचे पुष्कळ साधले. असे असता आपले राज्यकर्ते पहिलीच रीत का पत्करतात? कारण उघड आहे. पहिल्या रीतीत तीन नारळ एकाच वर्षी फोडता येतात.

बांधकामाच्या शास्त्रास ही गोष्ट अपरिचित नाही. १९५७ साली अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने कामांची साखळी मांडण्याची एक पद्धत तयार केली. कोणते काम कोणत्या कामानंतरच होऊ शकते, हे लिहून काढावयाचे. त्यांतील सर्वांत लांब साखळी शोधावयाची. आणि तिच्यातील एकही कडी खोळंबू द्यावयाची नाही, कारण ती एक दिवस अडली की सारा प्रकल्प एक दिवस लांबतो. इतर कामांस थोडी सवड असते. ती चार दिवस मागे पडली तरी बिघडत नाही. परंतु ह्या हिशेबात माणसे व यंत्रे हवी तेवढी मिळतील असे गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात तसे नसते, हे अभियंत्यांच्या लवकरच ध्यानी आले. कागदावर दोन कामे शेजारी शेजारी चालतात. पण दोहोंस एकच यारी लागत असेल, किंवा सुरुंग लावणारी टोळी एकच असेल, तर ती कामे वस्तुतः एकापुढे एकच उभी असतात. म्हणून सवड असलेल्या कामावरची माणसे काढून ती अडलेल्या कामावर लावणे, हेच नियोजनाचे खरे कसब होय.

कालव्याच्या कामात तर ह्याचे प्रत्यंतर पावलोपावली येते. पाणी मुखाकडून पुच्छाकडे वाहते. ते मधल्या खिंडारावरून उडी मारीत नाही. दहा कोस कालवा खणून तयार आहे, पण मध्येच एका नाल्यावरचा जलसेतू बांधावयाचा राहिला, किंवा शे-दोनशे हात जमिनीचा तुकडा ताब्यात आला नाही, तर त्याच्या खालचा सारा कालवा म्हणजे केवळ लांबलचक खड्डा. त्यात गवत माजते, काठ ढासळतात आणि पुन्हा दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार होते. अशा वेळी टोकाकडची नवी खोदाई थांबवून सर्व बळ त्या एका जलसेतूवर एकवटावयास नको काय? पण खोदाईची देयके लवकर निघतात आणि जलसेतू बांधणे किचकट असते; म्हणून खोदाई चालूच राहते.

हे आपणांस साधत नाही, असे मात्र नाही. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज १९६२ साली मिळू लागली. त्यानंतरचे टप्पे क्रमाक्रमाने बांधले गेले आणि चौथ्या टप्प्यासाठी जलाशयास तळाकडून बोगदा जोडण्याचे अवघड काम १९९९ साली आपल्याच अभियंत्यांनी पार पाडले. अखेरच्या टप्प्याची वाट पाहात पहिला टप्पा अडून बसला नाही.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की क्रम लावला तर मागासलेला भाग मागेच राहील. हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. प्रादेशिक अनुशेष किती खोल आहे, हे दांडेकर समितीने १९८४ सालीच आकड्यांनिशी दाखवून दिले होते. परंतु न्याय हा क्रम ठरविण्यात असतो, क्रम मोडण्यात नव्हे. ज्याचा अनुशेष मोठा, त्यास रांगेत पुढे बसवा. पण रांग ठेवा. सर्वांच्या पानात एकेक शीत वाढून कोणाचेच पोट भरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की एखादे काम जमिनीअभावी अडले तर माणसे रिकामी बसतील. म्हणून अनेक कामे हाताशी असावीत. हाताशी असावीत हे आम्हांसही मान्य आहे. पण ती सज्ज असलेली असावीत. पुनर्वसनाचा कायदा ह्या राज्याने देशात सर्वांआधी, १९७६ साली केला. जमीन, पुनर्वसन व परवानग्या ह्यांची पूर्तता झाल्यावाचून कुदळ मारावयाची नाही, हा नियम पाळला तर हा आक्षेप आपोआप गळून पडतो.

केंद्र सरकारने २०१६ साली देशातील ९९ रखडलेले प्रकल्प निवडून ते डिसेंबर २०१९ पर्यंत पुरे करण्याचे ठरविले. त्यांत महाराष्ट्राचे २६ होते आणि गोसीखुर्द त्यांतलाच एक. ती मुदत उलटून गेली. केवळ यादी केल्याने पाणी वाहत नाही. यादीबाहेरच्या कामांस ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्यही लागते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. राज्यातील अपुऱ्या कामांचा क्रम सरकारने कारणांसह जाहीर करावा. प्रत्येक कामावर किती माणसे, किती यंत्रे व किती पैसा लागणार आणि तो कोठून येणार, हे त्यापुढे लिहावे. एक काम पुरे होऊन शेतात पाणी वाहिल्याखेरीज त्याच खात्यातील नव्या कामाचा नारळ फोडू नये. आणि आमदारांनी आपल्या मतदारसंघात कोनशिला किती बसविल्या हे न सांगता, पाटाला पाणी केव्हा आले ते सांगावे. वैनगंगेकाठच्या शेतकऱ्याने आपली जमीन दिली, गाव दिले, आयुष्याची उमेदीची वर्षे दिली. आता त्यास आणखी एक समारंभ नको आहे. त्यास पाणी हवे आहे.