वहीवरून हात काढू नका

चौथीपर्यंत घरातलं कुणी ना कुणी मुलाच्या शेजारी बसलेलं असतं. पाढे म्हणून घेतले जातात, शुद्धलेखन तपासलं जातं. पाचवी लागली की ‘आता मोठा झाला, त्याचं त्याला कळायला हवं’ असं म्हणत घरचे बाजूला होतात आणि संध्याकाळचे दोन तास क्लासच्या हवाली करतात. मग नववीत पहिल्या घटक चाचणीचा पेपर हातात पडतो आणि घरात धावपळ सुरू होते. तोवर महत्त्वाची वर्षं निघून गेलेली असतात. पाचवी ते आठवी या काळात पालकांनी वहीवरून हात काढू नये, हे आज मला आग्रहाने सांगायचं आहे.

या वर्षांत मुलाची शाळा किती बदलते ते पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच बाई किंवा गुरुजी सगळे विषय शिकवतात. मूल डबा न खाता बसून राहिलं, तरी त्यांच्या लक्षात येतं. बऱ्याच गावांत ही शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि पुढे शेजारच्या गावातलं हायस्कूल सुरू होतं. तिथे दर तासाला वेगळे सर, वेगळ्या बाई. प्रत्येकाला मुलाचा आपापला विषय दिसतो. मूल एकूण कसं चाललंय हे पाहणारं शाळेत कुणी उरत नाही. ते काम घरावर येऊन पडतं आणि नेमकं त्याच वेळी घर मागे सरकतं.

अभ्यासही याच काळात चढणीला लागतो. सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरच्या क्रिया, समीकरणं, गुणोत्तर, शेकडेवारी येतात. सातवीत घातांक आणि पायथागोरसचा सिद्धांत, आठवीत बैजिक राशींचे अवयव. यातलं पुढचं मागच्यावर उभं असतं. सहावीत अपूर्णांक कच्चा राहिला, तर गुणोत्तर अडतं, मग शेकडेवारी अडते, आणि शेवटी मूल ‘मला गणितच येत नाही’ अशी समजूत करून घेतं.

सहावीच्या वह्यांत हमखास सापडणारी एक चूक घ्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश; उत्तर लिहिलेलं असतं दोन पंचमांश. मुलाने वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली. लाल फुली बसते, मूल फळ्यावरून पाच षष्ठांश उतरवून घेतं, वहीवर सही होते. वही पूर्ण झाली. चूक मात्र डोक्यात जशीच्या तशी राहिली. आता आई किंवा बाबा शेजारी बसून विचारतात, ‘हे कसं काढलंस, सांग बरं मला.’ मूल सांगतं. मग ताटात अर्धी भाकरी ठेवा, शेजारी दुसऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा ठेवा आणि विचारा, ‘पाच भागांतले दोन म्हणजे अर्ध्यापेक्षा कमीच ना? मग अर्ध्या भाकरीत भर घातल्यावर भाकरी कमी कशी झाली?’ मूल थबकतं आणि विचार करू लागतं. खरं शिकणं इथून पुढे होतं. त्यासाठी आईला लसावि काढता यायला हवा, अशी काही अट नाही.

‘आम्हाला कुठे त्यांचं गणित येतं? पुस्तक तर इंग्रजीत,’ असं अनेक पालक म्हणतात. पण उत्तर सांगणं हे पालकांचं काम नाही. मुलाला बोलतं करणं, त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणं आणि ते कुठे अडलं हे ओळखणं एवढंच करायचं आहे. चाळीस मुलांच्या क्लासमध्ये हे होणं कठीण. ज्यांना क्लास लावावाच लागतो त्यांनी जरूर लावावा, पण तिथली वहीसुद्धा घरी उघडून पाहावी.

प्रगतिपुस्तकावर विसंबून चालणार नाही. ‘ब-२’ ही श्रेणी मुलाला अपूर्णांक येतो की नाही हे सांगत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरवलं. २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना त्यात बदल करण्याची मुभा मिळाली आणि २०२३ साली महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात मूल मागे पडलं तर जादा मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा, आणि तीही जमली नाही तर पुन्हा तोच वर्ग. ‘आता नापास करतात, बघ हं’ असा धाक घालायला हा नियम अनेक घरांत वापरला जातो. धाकाने मूल चूक लपवायला शिकतं, आणि लपलेली चूक दुरुस्त होत नाही.

पालक सभेत ‘किती मार्क पडले?’ याऐवजी ‘कोणत्या घटकात अडतो? वर्गात प्रश्न विचारतो का? कुणाशेजारी बसतो?’ असं विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. गणिताचे शिक्षक महिनोन्महिने नसतील, तर ते विचारण्याची जागा हीच.

मुलींच्या घरांनी तर अधिकच जागं राहायला हवं. पाळी याच वर्षांत सुरू होते. स्वच्छतागृहात पाणी नसलं की मुलगी घरी राहते, आणि त्या दिवशी शिकवलेलं सुटून जातं. पाळीबद्दल आईने आधीच मोकळेपणाने सांगावं, आणि पाण्याचा विषय बाबांनी समितीत मांडावा. पुढची शाळा लांब आहे म्हणून मुलीला सातवीनंतर घरी बसवणं मात्र कुठल्याच कारणाने योग्य ठरत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे, तो आधी काढा.

या आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेवा. गणिताच्या वहीतलं लाल फुलीचं एक उदाहरण काढा आणि न रागावता ‘कसं केलंस?’ असं विचारा. दर आठवड्याला एकदा तरी हे घडत राहिलं, तर आठवीच्या वार्षिक परीक्षेची धास्ती घ्यावी लागणार नाही आणि नववीतली धावपळही बरीचशी टळेल. सहावीतला अपूर्णांक सहावीतच पक्का व्हायला हवा, आणि तो घरी बसून पक्का करता येतो.